करंगळीचा एक्स-रे काढलात का?

गृहपाठ राहिला म्हणून सरांनी सातवीतल्या तुमच्या मुलाला लाकडी पट्टीनं मारलं. करंगळी सुजली, घरी हळद लावलीत, आणि ‘प्रकरण वाढवू नका’ या मुख्याध्यापकांच्या शब्दावर दहा आठवडे गप्प बसलात. आता पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून कोर्टाकडे बोट दाखवलं, तेव्हा विचारताय, गुन्हा दाखल होईल का? अशी पत्रं नेहमी येतात आणि सगळी उशिराच येतात.

शाळेत मारायला बंदी आहेच. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 खाली होते ती फक्त सेवानियमांनुसार कारवाई. तुरुंगवास आहे बाल न्याय कायद्याच्या कलम 75 मध्ये, आणि 2021 च्या दुरुस्तीनं तो गुन्हा अदखलपात्र झाला. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही.

सगळं अडलंय करंगळीपाशी. हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत: भारतीय न्याय संहितेचं कलम 117, दखलपात्र, म्हणजे पोलीस आदेशाशिवाय तपास करू शकतात. प्रकरणातला एक गुन्हा दखलपात्र असला की सगळं प्रकरणच दखलपात्र धरतात. नुसती सूज असेल तर कलम 115, अदखलपात्र, आणि कोर्टानं दखल घेण्याची मुदत एक वर्षाची. म्हणून उद्याच सिव्हिलमध्ये जा. कशानं, कधी, कोणी मारलं हे मुलाला डॉक्टरांसमोर स्वतः सांगू द्या आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. मोडलेलं हाड जुळलं असलं तरी खूण दिसू शकते, पण दिवसागणिक ती पुसट होते. पहिल्याच दिवशी का नेलं नाहीत?

प्रवेशअर्जातल्या ‘शिक्षेस हरकत नाही’ या ओळीची धास्ती सोडा. न वाचता सही करायला नको होती, पण पालकांच्या संमतीचा बचाव 12 वर्षांखालच्या मुलापुरता आहे. तुमचा 13 चा आहे.

निकालाची हमी मात्र देत नाही. गोव्यात 2014 च्या घटनेत बाल न्यायालयानं दोषी धरलेली शिक्षिका उच्च न्यायालयातून सुटली, ती 2023 मध्ये. नऊ वर्षं! मारणारा आणि मार खाणारा, दोघांनाही हा अन्याय आहे.

एक्स-रे हातात आला की शाळेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, मग पुन्हा ठाण्यात जा. आणि ती वही जपा. लाल शाईतला ‘गृहपाठ अपूर्ण’ हा शेरा आणि खालची तारीख, त्या दिवसाचा सरांच्या हातचा एवढाच कागद तुमच्याकडे आहे.