वाचकांचे प्रश्न : आलिशान गाडी अंगणात ठेवावी की गॅरेजमध्ये?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलाच्या आग्रहावरून गेल्या वर्षी जर्मन बनावटीची मोठी सेदान गाडी घेतली. बंगल्याच्या मागे वडिलांनी त्यांच्या फियाटसाठी बांधलेले गॅरेज आहे. त्याला पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी शटर आहे, खिडकी मात्र नाही. सध्या तेथे तासगावच्या द्राक्षबागेची औषधे व खताची पोती ठेवलेली असतात, आणि गाडी अंगणातील आंब्याखाली उभी असते. मुलाचे म्हणणे असे की पोती एका कडेला सरकवून गाडी आत घ्यावी. आमचे मेकॅनिक सांगतात की बंद खोलीपेक्षा मोकळी हवा केव्हाही चांगली. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या दोन्ही जागा आज ज्या स्थितीत आहेत, त्या स्थितीत त्यांपैकी एकही या गाडीसाठी योग्य नाही, तरीही सक्तीने एकच निवडायची झाली तर मी मेकॅनिकच्या बाजूने कौल देईन, आणि त्याचे कारण ती खताची पोती हे आहे.

रासायनिक खते हवेतील ओलावा ओढून घेतात आणि पाणी सुटलेल्या खतातील क्षार लोखंडावर व ॲल्युमिनियमवर फार लवकर काम करतात. द्राक्षबागाईतदाराच्या घरात याच्या जोडीला मोरचूद आणि गंधक असतेच. मोरचुदाचा कण ओल्या पत्र्यावर पडला की तेथे तांबे बसते आणि खालचे लोखंड गंजू लागते. फवारणीच्या पंपाच्या टाक्या तळाशी कशा सडतात हे आपण पाहिलेच असेल. खिडकी नसलेल्या खोलीत पावसाळ्यात भिजलेली गाडी आणून शटर ओढले, तर ते पाणी वाफ होऊन तेथेच फिरत राहते, रात्री पत्रा थंड झाला की त्याच पत्र्यावरून थेंब होऊन गाडीवर ठिबकते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढताच पुन्हा वाफ होते. अशा जागी गाडीचा वरचा रंग चकचकीत राहतो, त्यामुळे मालक निश्चिंत असतो. गंज मात्र खालच्या बाजूला, ब्रेकच्या पाइपांवर, सस्पेन्शनच्या बोल्टांवर आणि वायरिंगच्या जोडांत बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये लेदरच्या सीटांवर पांढरी बुरशी आलेल्या ज्या गाड्या आमच्याकडे येतात, त्या बहुधा अशाच बंद खोलीत ठेवलेल्या असतात. म्हणून पोती कडेला सरकवून भागणार नाही. खते व औषधे त्या खोलीतून पूर्णपणे बाहेर काढावी लागतील आणि फरशी दोन-तीन वेळा भरपूर पाण्याने धुवावी लागेल.

आता आंब्याखालच्या जागेविषयी. सावली मिळते म्हणून झाड सर्वांना आवडते, परंतु रंगाच्या दृष्टीने आंबा हा वाईट शेजारी आहे. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गाडीवर पडतो, त्यावर धूळ बसते, पुढे काळी बुरशी धरते आणि घाईने कोरड्या फडक्याने पुसले की बारीक चरे उठतात. पक्ष्यांची विष्ठा त्याहून घातक असते, कारण ती आम्लधर्मी असून उन्हाने तापलेल्या रंगावर वाळताना वरच्या पारदर्शक थरात खड्डा पाडते. नव्या गाडीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यात हा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. एकदा त्यात डाग खोल गेला की पॉलिश करणे म्हणजे उरलेला थर घासून कमी करणे, आणि असे पॉलिश किती वेळा करता येईल याला मर्यादा आहे. विष्ठा दिसताच ओले फडके तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावे, ती मऊ झाल्यावर उचलून घ्यावी, खरवडू नये. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवलेला पातळ रासायनिक थर, केले आहे म्हणून ही काळजी सुटत नाही. त्या कोटिंगमुळे गाडी धुणे सोपे होते, परंतु उन्हात वाळलेली विष्ठा त्यालाही भेदते. बोनेटवर आणि छतावर जाड पारदर्शक संरक्षक फिल्म लावली असेल तर गोष्ट वेगळी.

झाडाचा आणखी एक त्रास आहे, आणि महागड्या गाड्यांच्या बाबतीत मला तो सर्वांत अधिक काळजीचा वाटतो. आपल्या गाडीला सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खाली उतरतात आणि छतावर साचलेले पाणी त्या वाटेने बाहेर जाते. आंब्याची वाळकी पाने, मोहराचा भुगा आणि धूळ यांनी त्या नळ्या बुजल्या की पहिल्या मोठ्या पावसात पाणी खांबांच्या आतल्या अस्तरामागून उतरून थेट पायाखालच्या गालिच्यात जमते. गालिचा वरून कोरडा लागतो, कारण पाणी त्याच्या खालच्या फोममध्ये मुरलेले असते. हाताने दाबले की बोटांमधून ते वर येते. अनेक आलिशान गाड्यांमध्ये सीटखाली, गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डबे बसवलेले असतात आणि त्यांतील एक जरी भिजला तरी खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. तेव्हा मे महिन्याच्या शेवटी सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतावे आणि गाडीखाली वाकून ते त्या त्या बाजूने बाहेर पडते का हे पाहावे. पडत नसेल तर तारेने टोचू नये, नळी आतल्या आत सुटते. वर्कशॉपमध्ये हलक्या दाबाच्या हवेने ती साफ करून घ्यावी. पुढच्या काचेखालच्या जाळीतील पानेही हातासरशी काढावीत.

उन्हाचे नुकसान हळूहळू होते, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास असतो. बाहेर ३५ अंश असतानाही बंद गाडीतील हवा तासाभरात ५० च्या वर जाते आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहूनही पुष्कळ तापतो. हेडलाइटचे आवरण काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे असते, ते काही वर्षांत पिवळट व धुरकट होते; दारांचे रबर कडक होते, लेदर सुकते, आणि बॅटरीचे आयुष्य घटते. या दृष्टीने छप्पर हवेच, यात आपल्या मुलाचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे.

माझा सल्ला असा की वडिलांचे गॅरेज या गाडीसाठी वापरण्याचा विचार सोडून द्यावा. फियाट चार मीटरहूनही कमी लांबीची होती. आपली सेदान पाच मीटरच्या आसपास लांब आणि आरसे धरून दोन मीटरहून अधिक रुंद असणार. शटरच्या चौकटीतून ती कशीबशी आत गेली, तरी दार पूर्ण उघडून उतरता येणार नाही आणि दाराची कड रोज भिंतीला लागेल. आत किमान २० फूट लांबी आणि ११ फूट रुंदी मोकळी मिळत नसेल, तर ते गॅरेज खतालाच राहू द्यावे. त्याऐवजी अंगणात झाडापासून दूर, बाजू मोकळ्या असलेली शेड उभारावी. जोता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्यावा, उतार मात्र लांब व सौम्य ठेवावा, कारण या गाड्यांचा तळ जमिनीपासून फार उंच नसतो आणि उभ्या उतारावर पुढचा बंपर घासतो. छताचा पत्रा पश्चिमेकडे थोडा अधिक खाली आणला तर दुपारचे तिरपे ऊनही अडते. वारा आरपार वाहिला की भिजलेली गाडी तास-दोन तासांत कोरडी होते, आणि आपले मेकॅनिक ज्या मोकळ्या हवेची बाजू घेतात तिचा खरा उपयोग हाच आहे.

शेड होईपर्यंत कव्हर घालणार असाल तर मेणकापडाचे किंवा प्लास्टिकचे घालू नये. हवा खेळेल असे, आतून मऊ अस्तर असलेले आणि गाडीच्या मापाचे कव्हर घ्यावे. धुळीने माखलेल्या गाडीवर ते घालू नये. ढिले कव्हर वाऱ्याने फडफडते तेव्हा त्याखालची धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर फिरते.

प्रश्न : आमचा फ्लॅट सांगलीच्या गावभागात आहे. इमारतीचे पार्किंग बंदिस्त आहे, परंतु रस्त्यापेक्षा थोडे खाली उतरून जावे लागते. गाडी महाग असल्याने ती रस्त्यावर लावायला मन धजत नाही. पावसाळ्यात काय करावे?

उत्तर : वर्षाचे दहा महिने आपले पार्किंग उत्तम आहे, ऊन, धूळ आणि रस्त्यावरचे ओरखडे यांपासून गाडी वाचते. परंतु जुलै आणि ऑगस्टमध्ये, गावभागात, रस्त्यापेक्षा खालची बंदिस्त जागा ही गाडीसाठी शहरातील सर्वांत धोक्याची जागा असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, २००५ चा पूर लोकांच्या स्मरणात आहे, आणि २०२१ च्या जुलैतही नदीने धोक्याची पातळी पुष्कळ ओलांडली होती. पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. आपल्यासारख्यांनी इशारा पातळीची वाट पाहू नये. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि नदी ३५ फुटांपुढे चढू लागली की गाडी विश्रामबागला किंवा मिरजेच्या बाजूला एखाद्या नातेवाइकांच्या दारी उंच जागेवर नेऊन लावावी. तेथे चार दिवस ती उघड्यावर पावसात उभी राहिली तर तिचे काहीही बिघडत नाही. हे मी आग्रहाने लिहीत आहे, कारण पुराच्या वेळी गाडी छपराखाली सुरक्षित आहे या भरवशावर पुष्कळ जण शेवटपर्यंत थांबतात, तोवर गल्लीच्या तोंडाशी पाणी आलेले असते आणि मग गाडी बाहेर काढण्याची वाटच उरत नाही.

पाणी गाडीत शिरलेच, तर ती सुरू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टचे बटण एकदाच दाबले म्हणून दुरुस्त होऊ शकणारे इंजिन कायमचे निकामी होते. विम्याचा प्रश्नही येथेच अडतो. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते, केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत ते नसते. परंतु पाण्यात इंजिन फिरवल्यामुळे झालेली हानी हा मालकाच्या कृतीचा परिणाम मानून विमा कंपन्या सहसा नाकारतात, जोपर्यंत आपण इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले नसते. गावभागात राहणाऱ्याने हे कलम दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीच्या कागदावर स्वतः वाचून खात्री करून घ्यावी. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. पाणी ओसरताच, गाडीला हात लावण्यापूर्वी, दारांवर पाण्याची रेघ कोठवर आली आहे ती दिसेल असे फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे, जाणकाराकडून बॅटरी सोडवून घ्यावी आणि गाडी दोरी बांधून ओढण्याऐवजी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सचे निराळे नुकसान होते.

प्रश्न : मी पुण्याला नोकरीस असतो. गाडी पलूसजवळ मळ्यातील घरी, चांगल्या बांधलेल्या हवेशीर गॅरेजमध्ये असते आणि महिन्या-दीड महिन्याने वापरली जाते. आल्यावर बॅटरी उतरलेली असते आणि गेल्या खेपेस उंदरांनी वायरी कुरतडल्या. जागा बदलावी का?

उत्तर : जागा चांगली आहे, बदलू नये. या गाड्या कुलूप लावून उभ्या असतानाही त्यांचे अलार्म, चावी ओळखणारी यंत्रणा आणि इतर नियंत्रक थोडी थोडी वीज घेत असतात, त्यामुळे महिनाभरात बॅटरी उतरणे साहजिक आहे. गॅरेजमध्ये विजेची सोय असेल तर बॅटरीला जोडून ठेवण्याचा स्वयंचलित चार्जर घ्यावा. तो आपल्या बॅटरीच्या प्रकाराला चालणारा असावा, कारण अशा अनेक गाड्यांत एजीएम प्रकारची (काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणारी) बॅटरी असते आणि तिला साधा जुना चार्जर मानवत नाही. विश्रांतीत असलेल्या बॅटरीचा दाब १२.४ व्होल्टच्या खाली गेला की ती तातडीने चार्ज करावी. घरच्या मंडळींना दर आठवड्याला गाडी जागेवरच दहा मिनिटे सुरू ठेवायला सांगण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने बॅटरी भरत नाही, इंजिन पुरते तापत नाही, डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवरचा फिल्टर काजळीने तुंबतो आणि शटर बंद असेल तर आत विषारी वायू साठतो. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा घरातील कोणी जाणत्याने ती कराडपर्यंत चालवून आणावी. लांब मुक्कामासाठी उभी करताना टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या प्रमाणाच्या वरच्या मर्यादेवर ठेवावी. पावसात भिजलेले ब्रेक सुकण्यापूर्वी हँडब्रेक ओढून ठेवू नये. जमीन सपाट असेल तर चाकाला लाकडी ठोकळा लावावा.

उंदीर ऊसतोडीच्या दिवसांत अधिक येतात. फड मोकळा झाला की ते घराकडे वळतात आणि बोनेटखालची ऊब व अस्तर त्यांना घरट्यासाठी सोयीचे पडते. गॅरेजमध्ये धान्याचे पोते, पेंड, जुनी गोणपाटे काहीही ठेवू नये; शटरच्या खालच्या फटीला आणि झरोक्यांना बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे हवाही खेळती राहील. गाडी उभी असताना बोनेट उघडे ठेवून वर एक दिवा रात्रभर चालू ठेवल्याचा चांगला उपयोग होतो. फक्त बोनेट उघडे राहिल्याने गाडीचा दिवा किंवा अलार्म चालू राहत नाही ना, हे पाहून घ्यावे. विषारी गोळ्या मात्र ठेवू नयेत, कारण उंदीर गोळी खाऊन बहुधा एसीच्या फिल्टरपाशी किंवा वायरिंगच्या आड जाऊन मरतो आणि तो काढण्यासाठी पुढे डॅशबोर्डच उतरवावा लागतो. पुढच्या खेपेस घरी गेल्यावर गाडी सुरू करण्यापूर्वी एसीच्या फिल्टरचे झाकण उघडून पाहावे. कापसाचा किंवा पाचटाचा चुरा दिसला तर पंखा चालू न करता आधी तो पूर्ण काढून घ्यावा.