मागच्या मोटरची गाडी आणि आपली माती

प्रिय बेटा,

तुझा निरोप मिळाला. माळ्यावरची रिमोटवर चालणारी शर्यतीची बग्गी खाली काढलीस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, ही ठेवू की विकून नवी घेऊ? ठेव. का ते नीट सांगतो, कारण नव्या गाड्यांचे व्हिडिओ बघून तुझं मन डळमळणार हे मला माहीत आहे.

तुझी बी४, म्हणजे टीम असोसिएटेड कंपनीचं हे मॉडेल, मागच्या दोन चाकांवर चालते आणि तिची मोटर मागच्या ॲक्सलच्याही पाठीमागे आहे. त्याच कंपनीच्या १९८४ च्या आरसी१० या बग्गीपासून या घराण्याची हीच ठेवण. पुढे परदेशातल्या ट्रॅकवर गालिचा आला, कृत्रिम गवत आलं, चोपून चोपून घट्ट केलेली चिकणमाती आली. तिथे टायरला पकड आयती मिळते, मग अडचण उरते ती वळणाची. म्हणून मोटर ॲक्सलच्या पुढे आणली गेली. वजन पुढे सरकलं की पुढची चाकं वळणात धरतात. आज विकत मिळणाऱ्या बहुतेक टू-व्हील-ड्राइव्ह शर्यतीच्या बग्ग्या या मधल्या मोटरच्या आहेत, आणि त्या ट्रॅकवर त्या तुझ्या गाडीला सहज मागे टाकतील.

पण आपल्याकडे गालिचा कुठे आहे? आपल्याकडे मुरूम, आणि मुरमावर बोटभर फुफाटा. अशा सुट्या मातीत गाडी जाग्यावरून उठते ती मागच्या चाकांवरच्या वजनामुळे. ते वजन तुझ्या गाडीत आधीपासून आहे. ती जुनी असेल, पण आपल्या मातीला ती चुकीची नाही. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. मुरमाच्या मैदानावर दोन्ही गाड्या एकदा शेजारी उभ्या करून रिमोटचा ट्रिगर ओढ, तुझं तुलाच दिसेल.

आता पैसे कुठे घालायचे ते. आधी रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट आणि गाडीतला रिसीव्हर. जुना क्रिस्टलवाला सेट असेल तर तो बाजूला ठेव. एका फ्रिक्वेन्सीवर दोघे आले की दोन्ही गाड्या बेभान होतात. साधा २.४ गिगाहर्ट्‌झचा सेट घे, ती कटकटच संपते. मग ईएससी, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज जायची ते ठरवणारा स्पीड कंट्रोलर. जुन्या ईएससीला लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ओळखता येत नसेल, तर सेल ३ व्होल्टच्या खाली जाईपर्यंत तो ओढत राहतो आणि बॅटरी कायमची जाते. मोटर १७.५ टर्नची पुरे. टर्न म्हणजे मोटरच्या तारेचे वेढे; ते जास्त म्हणजे वेग कमी, आणि तुला सध्या वेग नको आहे. नवी बॉडी आणि रंगकाम सगळ्यात शेवटी.

लिपोबद्दल थोडं कडक बोलतो, कारण चार्ज होताना ती पेट घेऊ शकते. तुमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. त्या खोलीत चार्जर लावायचा नाही. शेजारच्या खोलीतही नाही. अंगणात किंवा ओसरीवर, उघड्या सिमेंटवर, आणि चार्ज पूर्ण होईपर्यंत तू तिथेच बसलेला. ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर, त्याहून जास्त घाई नको. लाइट गेली तर डीसी इनपुट असलेला चार्जर ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. वापर नसेल तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची, पूर्ण भरून नाही. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीच्या डिकीत ती ठेवलेली मला कळली, तर मी तुझ्या आईशी बोलेन.

गाडी उघडताना एक लक्षात ठेव. बी४ चे स्क्रू इंची मापाचे आहेत, मिलिमीटरची मापं पुढच्या बी५ पासून आली. १.५ मिलिमीटरची ॲलन की १/१६ इंचाच्या खोबणीत जाते, पण सैल बसते, आणि दोन-तीन वेळा फिरवली की खोबण गोल. मग तो स्क्रू ड्रिलनेच काढावा लागतो. इंची कीचा सेट आधी मागव, तोवर गाडीला हात लावू नकोस.

चाकांना धरून ठेवणारे प्लास्टिकचे आर्म बोटांनी हलकेच वाकवून बघ. जिथे पांढरी रेघ उमटेल तो आर्म गेला समज. बाकीचे वीसेक मिनिटं उकळत्या पाण्यात ठेव. वर्षानुवर्षं पत्र्याखालच्या कोरड्या उन्हाळ्यात नायलॉनमधली ओल उडून जाते आणि ते ठिसूळ होतं, पाणी प्यायलं की बराचसा चिवटपणा परत येतो. तरीही पुढच्या आर्मची एक जोडी जास्तीची हवीच. पार्सल तुझ्या गावापर्यंत यायला वेळ लागतो आणि शर्यत थांबत नाही. टायरवर नख दाबून बघ. नख रुतत नसेल तर रबर मेलं आहे, दातरे कितीही शिल्लक असोत.

डिफ (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल) आणि स्लिपर (झटका बसला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) यांच्यावर एक अख्खी संध्याकाळ घाल, कारण आपल्या मैदानावर गाड्या इथेच मरतात. तुझ्या गाडीत गोळ्यांचा डिफ आहे. उजवं मागचं चाक आणि मोठा स्पर गिअर दोन्ही घट्ट धर आणि डावं चाक अंगठ्याने फिरवायला बघ. सहज फिरलं तर डिफ ढिला. स्लिपर नेहमी डिफच्या आधी सुटला पाहिजे. तसं नसेल तर उडी मारून चाकं जमिनीला लागली की सगळा झटका त्या बारीक गोळ्यांवर जातो, त्यांच्या चकत्यांवर चरे पडतात, आणि मग डिफ फिरवताना हाताला खरखर लागते. चांगला डिफ लोण्यासारखा फिरतो. ही खरखर एकदा बोटांनी ओळखायला शिकलास, की कोणाला विचारावं लागणार नाही.

उन्हाळ्यात शॉक ॲब्सॉर्बरमधलं सिलिकॉन तेल पातळ होतं, म्हणून मार्चपासून एक पायरी जाड तेल भर. उंची लावायला गाडी हातभर वरून सपाट जमिनीवर सोड. ती स्थिर झाल्यावर मागचे ड्राइव्हशाफ्ट जमिनीला समांतर दिसले पाहिजेत. तिथून सुरुवात कर. आणि उघड्या सांध्यांना तेल देऊ नकोस, आपला फुफाटा तेलावर बसतो आणि कानशीसारखा घासत राहतो.

जागेचं म्हणशील तर काळ्या वावराच्या मोहात पडू नकोस. पऱ्हाटी उपटल्यावर ते मोकळं दिसतं खरं, पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पुढचं चाक भेगेत गेलं की आर्म तुटला. पावसाळ्यात हीच माती चाकांना लपेटून बसते. मुरमाड पडीक जागा बघ, दिवाळी ते होळी हा आपला मोसम. कडेला ठिबकच्या जुन्या नळ्या खुंट्यांनी दाबून टाक, वाट तीन मीटर तरी रुंद राहू दे. धूळ बसवायला पाणी मारावं लागतं, पण ज्या महिन्यात गावात टँकर येतो त्या महिन्यात ट्रॅकवर एक बादलीही ओतायची नाही.

आता चालवण्याचं. इतक्या वर्षांनी परत येणाऱ्याचे हात आधी कुठे फसतात, तर गाडी तुझ्याकडे तोंड करून येते तेव्हा. डावं उजवं होतं. म्हणून मैदानात दोन डबे ठेव आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा, अर्ध्या ट्रिगरवर, कंटाळा येईपर्यंत. मग उड्या. हवेत असताना ट्रिगर ओढला की नाक वर येतं, ब्रेक दिला की खाली जातं. हे मागची चाकं जोरात फिरतात किंवा थांबतात म्हणून होतं, त्यामुळे जमीन सोडल्यावरही गाडी थोडीफार तुझ्या हातात असते. हीट, म्हणजे शर्यतीची एक फेरी, सहसा पाच मिनिटांची असते. पाच मिनिटं एकदाही गाडी न उलटवता चालवता आली, की मग घड्याळ लाव, त्याआधी नाही. आणि आपली हीट झाली की पुढच्या हीटला मार्शल म्हणून उभा राहा. दुसऱ्याची उलटलेली गाडी धावत जाऊन सरळ करताना कोणत्या वळणात लोक का उलटतात हे जेवढं कळतं, तेवढं स्वतः चालवून कळत नाही.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ये. शॉकचं तेल आणि डिफच्या गोळ्या माझ्याकडे आहेत. जुनी बॅटरी फुगलेली असेल तर ती बसमध्ये आणू नकोस, घराबाहेर वाळूच्या बादलीत ठेव, तिचं काय करायचं ते मी येऊन बघतो. आणि गाडी धुऊन आणू नकोस. धूळ कुठे कुठे शिरली आहे ते बघूनच कोणते बेअरिंग काढायचे ते ठरवू.

तुझा,
काका