सात वर्षांच्या चित्रवेड्या मुलीला विज्ञान दिनाला आयुकात न्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे : मुलगी सात वर्षांची, दिवसभर चित्रं काढते, विज्ञानाची विशेष ओढ नाही. तुम्ही दोघंही कॉमर्सचे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचा खुला दिवस असतो, प्रवेश मोफत असतो, गर्दीही असते असं ऐकलंय. तर तिला नेण्यात अर्थ आहे का, की अजून चार-पाच वर्षं थांबावं?

न्या. याच वर्षी न्या. आणि ती चित्रं काढते म्हणूनच न्या.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करत असताना अशाच एका संस्थेच्या खुल्या दिवशी दोन वर्षं टेबलामागे उभी राहिले आहे. आता दर वर्षी घरातल्या पोरांना घेऊन जाते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं, ते सांगू शकते.

माझ्या टेबलावर तीन दिवे होते : लाल, हिरवा आणि निळा. समोर पांढरा पडदा. तिन्ही दिवे लावले की पडदा पांढरा दिसायचा आणि मध्ये हात धरला की हाताच्या तीन रंगीत सावल्या पडायच्या. बहुतेक मुलं हात हलवायची, हसायची आणि पुढे जायची. दुपारी एक मुलगी आली, तुमच्या मुलीएवढीच असेल. मी निळा दिवा बंद केला आणि म्हटलं, "बघ, लाल आणि हिरवा मिळून पिवळा झाला." ती पडद्याकडे बघत राहिली आणि ठामपणे म्हणाली, "नाही. लाल आणि हिरवा मिळून मातकट होतो. मी रोज करते."

तिचं अगदी बरोबर होतं. रंगपेटीतला लाल रंग पांढऱ्या उजेडातला बाकीचा उजेड गिळतो आणि तांबडा तेवढा परत पाठवतो. हिरवा रंग हिरवा तेवढा परत पाठवतो. दोन्ही एकत्र कालवले की दोघं मिळून जवळजवळ सगळाच उजेड गिळतात आणि कागदावर मातकट काहीतरी उरतं. दिव्यांचं उलटं असतं. तिथे कोणी काही गिळत नाही, उजेडात उजेड मिसळत जातो. म्हणून रंगांचं मिश्रण काळपट होत जातं आणि दिव्यांचं पांढरट. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण रोज रंग कालवणाऱ्या मुलीला समजेल असं कधी सांगावं लागलं नव्हतं. मी अडखळत सांगितलं, तिने तीनदा थांबवलं, मग स्वतः एकेक दिवा बंद करून बघायला लागली. लाल दिवा अडवला की सावली आकाशी का होते, हे तिने माझ्याआधी सांगितलं : तिथे हिरवा आणि निळा उरतो म्हणून.

ती चाळीस मिनिटं तिथेच होती. तिचे बाबा मागे उभे होते आणि त्यांनी एकदाही "चल" म्हटलं नाही. त्या दोन वर्षांत माझ्यासमोरून शेकडो मुलं गेली असतील. त्यांतली मला लख्ख आठवते ती ही एकच, आणि ती चित्रं काढणारी होती.

आता आयुकाबद्दल. संस्था सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे, पण विद्यापीठाचा विभाग नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली ती सगळ्या विद्यापीठांसाठी उभी केली, आणि जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. सामान्य माणसाला आणि मुलांना दार उघडं हवं, ही गोष्ट तिथे सुरुवातीपासून मनावर घेतली गेली, ती बरीचशी त्यांच्यामुळे. खुला दिवस असतो राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास. नक्की तारीख आणि वेळ त्या वर्षी जाहीर झालेली पाहूनच निघा.

या तारखेबद्दल थोडं सांगते, कारण तिचा तुमच्या मुलीशी संबंध आहे. २८ फेब्रुवारी हा सी. व्ही. रामन यांचा वाढदिवस असं पुष्कळांना वाटतं. तो ७ नोव्हेंबरला असतो. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांच्या शोधाची घोषणा झाली आणि १९८७ पासून हा दिवस विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. पण गोष्ट सुरू होते त्याआधी सात वर्षं. १९२१ साली युरोपातून बोटीने परतताना रामन समुद्राकडे बघत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. रामन यांच्याजवळ एक छोटा निकोल प्रिझम होता. विशिष्ट कोनातून बघितलं की पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा उजेड त्यातून अडवता येतो. त्यांनी तो अडवला आणि समुद्र तरीही निळाच दिसला, उलट जास्तच गडद. म्हणजे निळाई खुद्द पाण्यातून येत होती. प्रकाश कसा विखुरतो याचा त्यांचा पुढचा शोध इथून सुरू झाला आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेला.

समुद्राला कुठला निळा द्यायचा, हा प्रश्न तुमच्या मुलीलाही पडत असणार. जाताना गाडीत तिला ही गोष्ट सांगा. त्यासाठी तुम्ही कॉमर्सचे असलात तरी काही अडत नाही.

आत गेल्यावर लगेच रांगेत उभं राहू नका. आधी नुसती इमारत बघा. ती चार्ल्स कोरिया यांनी रचली आहे आणि माझ्या मते पुण्यातल्या कुठल्याही चित्रप्रदर्शनाइतकी बघण्यासारखी आहे. भिंती काळ्या आहेत, पण एकाच काळ्या नाहीत : खाली बेसाल्ट, त्यावर आणखी काळा कडप्पा, त्यावर चकाकणारा काळा ग्रॅनाइट. मुलीला विचारा, यात काळे किती आहेत. मधल्या चौकात पायऱ्यापायऱ्यांचं कुंड आहे, आपल्याकडच्या जुन्या देवळांपुढे असतं तसं. आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. मुलं त्यांच्याशेजारी फोटो काढतात, तो सोडून द्या, पण एक पुतळा तिला वहीत काढू द्या.

एका चौकात जमिनीवर त्रिकोणांची एक नक्षी आहे, सर्पिन्स्की नावाच्या पोलिश गणितज्ञाची. ती घरी काढता येते. मोठा त्रिकोण काढायचा, तिन्ही बाजूंचे मध्य जोडायचे, मधला त्रिकोण रंगवून 'गेला' असं म्हणायचं. उरलेल्या तिन्ही त्रिकोणांत पुन्हा तेच. दर वेळी तीन चतुर्थांश जागा उरते, म्हणून पाचव्या फेरीला मूळ त्रिकोणाचा पाव भागही शिल्लक नसतो. रांगोळी काढणाऱ्या हाताला हे फार लवकर जमतं. माझ्या भाचीने घरी येऊन ठिपक्यांच्या कागदावर काढलं होतं आणि सहाव्या फेरीला पेन्सिलीचं टोक जाड पडायला लागलं म्हणून रडली होती.

तिथे फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा लंबकही आहे. तो चालू असेल तर एक प्रयोग करा, यासाठी काहीही विचारावं लागत नाही. पोचल्या पोचल्या लंबक कुठल्या दिशेने झुलतोय त्याची रेघ तिला वहीत काढायला सांगा, शेजारी एखादा खांब किंवा दार खूण म्हणून काढायला लावा. निघताना पुन्हा तिथेच उभं राहून दुसरी रेघ. पुण्याच्या अक्षांशावर लंबकाचा झुलण्याचा मार्ग तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास वळतो. तीन तासांत साधारण चौदा अंश, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा अडीच मिनिटांत सरकतो जवळपास तेवढा. दोन रेघांमध्ये स्पष्ट फरक दिसतो. लंबक आपल्या जागी झुलतच असतो, खालची जमीन वळलेली असते. पृथ्वी फिरते हे वाक्य शाळेत पाठ होतं. इथे ते तिच्याच वहीत दोन रेघांमध्ये दिसेल. फुकोने १८५१ साली पॅरिसमध्ये हे लोकांना दाखवलं, तेही पंथेऑन नावाच्या भव्य इमारतीच्या घुमटाखाली, कोणीही येऊन बघावं म्हणून.

मग मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात जा. ती 'पुलस्त्य' नावाच्या इमारतीत आहे. पुलस्त्य हा सप्तर्षींमधला तारा, आणि इमारतीला देणगी पु. ल. देशपांडे यांच्या घरून आलेली, म्हणून नावात पुलं दडलेले आहेत. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करणारे अरविंद गुप्ता इथे अनेक वर्षं होते. खेळण्याचं टेबल दिसलं की तिथे बूड टेकून बसा. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे, एवढ्यावर भूमिती उभी राहते. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून बघा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच आडवा होतो. त्याला एक कर्ण दिला की पुन्हा घट्ट. पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे सात वर्षांच्या बोटांना कळतं, डोक्याला नंतर कळलं तरी चालेल. परीक्षा संपल्यावर घरीही करून बघा. काडीचं टोक आधी खरवडून टाका आणि नळी तुम्ही कापा.

व्याख्यानं चंद्रशेखर सभागृहात होतात. या वयाला मी ती सुचवणार नाही. शास्त्रज्ञांना प्रश्न विचारायचं सत्र असेल तर जरूर बसा, पण मुलीचा प्रश्न तिलाच विचारू द्या. पालक मागून नीट वाक्य सांगतात आणि मूल ते पाठ म्हणतं, तेव्हा उत्तर देणाऱ्याला ते लगेच कळतं. प्रश्न मराठीत असला, अर्धवट असला तरी काही बिघडत नाही. टेबलामागच्या विद्यार्थ्याला मराठी येत नसेल तर शेजारचा मदतीला येतो. शाळांसाठी विज्ञान दिनानिमित्त चित्रकला स्पर्धाही होत आल्या आहेत. त्यात तिची इयत्ता बसते का, हे शाळेत विचारून बघा.

गर्दी खरंच असते. उघडल्या उघडल्या पोचा, दोन-तीन ठिकाणंच ठरवा. मी पहिल्या वर्षी भाच्याला सकाळपासून दुपारपर्यंत प्रत्येक टेबलापुढून ओढत नेलं. रात्री विचारलं, काय आवडलं, तर त्याला काही आठवेना. चूक माझी होती. त्याला सूर्यावरचे डाग दाखवणाऱ्या दुर्बिणीपाशी थांबायचं होतं आणि मी पुढची रांग बघत होते. (अशा दुर्बिणीला खास गाळणी लावलेली असते. ती नसताना सूर्याकडे दुर्बिणीतून कधीही बघायचं नाही, हे तिथे जायच्या आधीच मुलीला सांगा.) पाण्याची बाटली, टोपी, आणि तिच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. आणि मोठी वही न्या, खिशातली नको.

तिला नाटक-नाच आवडत असेल तर याच आवारात ललित कला केंद्र आहे, तिथे संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवतात. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या खोडदच्या दुर्बिणींचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण ती नऊ-दहा वर्षांची झाली की एका विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे आणि आसपासच्या परिसरात मिळून ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत आणि त्या जाळीच्या आहेत. भोकं पडलेल्या तबकडीतून लहरी निसटत कशा नाहीत, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर आपोआप पडतो. पकडायच्या रेडिओलहरी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असतात, हे त्याचं उत्तर. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण फोनच्या लहरींपुढे आकाशातून येणाऱ्या लहरी अतिशय क्षीण असतात.

एकच आग्रह धरते. संध्याकाळी आकाशदर्शन ठेवलेलं असेल तर दुपारी घरी जाऊन, झोप काढून परत या. फेब्रुवारीच्या शेवटी अंधार पडता पडता मृग नक्षत्र डोक्यावर आलेलं असतं. दुर्बिणीची रांग पुढे सरकेपर्यंत तिला नुसत्या डोळ्यांनी मृगाच्या दोन टोकांचे दोन ठळक तारे दाखवा, काक्षी आणि राजन्य. बाकी काही सांगू नका, फक्त विचारा, दोघांचा रंग सारखा आहे का? एक तांबूस दिसेल, एक निळसर पांढरा. ती बहुतेक तांबूस तारा जास्त गरम आहे म्हणेल, सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात निळसर जास्त तापलेला असतो. हे तिला तुम्ही सांगायचं की दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या दादा-ताईला विचारू द्यायचं, ते तुम्ही ठरवा. मी विचारू देईन.