दादा म्हणतो गॅस झालाय

प्रश्न: मोठा भाऊ ४६ चा, पंधरा वर्षं रोज क्वार्टर. हातपाय काड्यांसारखे झालेत पण पोट घागरीएवढं, पँटचं बटण लागत नाही, आणि हा म्हणतो गॅस आहे. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी १८०, एसजीपीटी ७०. त्याची दारू एकदम बंद करू का?

उत्तर: ताई, गॅसने हातपाय वाळत नाहीत हो. हे पोटात साठलेलं पाणी असू शकतं, म्हणजे प्रकरण सिरॉसिसपर्यंत, लिव्हर कायमचं कडक होण्यापर्यंत, गेलेलं असू शकतं, आणि एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त हे दारूने बिघडलेल्या लिव्हरमध्ये बऱ्याचदा दिसतं. याच आठवड्यात सोनोग्राफी करा, पाणी निघालं तर डॉक्टर सुईने थोडं काढून तपासतील. दारू बंद व्हायलाच हवी, पण घरात कोंडून नको, रोज पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, तो भलतंच बरळायला लागतो, म्हणून ॲडमिट करूनच सोडवा. पुढे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतंय. लोणचं-पापड बंद, पण उपाशी ठेवू नका, झोपताना काहीतरी खायला द्या. अंगदुखीला डायक्लोफेनॅक वगैरे मनाने अजिबात नको. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा.