नोकरी सांभाळून एमबीए: ‘वय झाले, आता जमत नाही’ असे वाटते तेव्हा

नोकरी आणि संसार सांभाळून एमबीएला प्रवेश घेतलेले अनेक जण पहिल्या वर्षातच विचारतात, ‘या वयात डोके चालत नाही, सोडून द्यावे का?’ भोसरीतील एका कारखान्यात दर्जा तपासणीचे काम करणारे, चाळिशीजवळचे एक गृहस्थ हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी त्यांची गुणपत्रिका मागून घेतली. लेखी परीक्षेत संख्याशास्त्र वगळता ते सर्व विषयांत उत्तीर्ण होते आणि कॉस्टिंगमध्ये (उत्पादन खर्चाच्या हिशेबात) तर उत्तम गुण होते, कारण तो हिशेब ते रोज कारखान्यात पाहत होते. गुण गेले होते ते अंतर्गत मूल्यमापनात. गटाच्या प्रकल्पाच्या बैठका दुपारी चारनंतर होत आणि त्या वेळी हे दुसऱ्या पाळीत असत. आपण गटाला ओझे झालो आहोत, असे वाटून त्यांनी वर्गमित्रांशी बोलणेही कमी केले होते. त्यातच दोन महिन्यांची इंटर्नशिप तोंडावर आली होती, आणि तेवढी रजा मिळणे शक्य नव्हते.

बीन आणि मेट्झनर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये, नेहमीच्या वयापेक्षा उशिरा किंवा अर्धवेळ पदवी शिकणाऱ्या अशाच विद्यार्थ्यांच्या गळतीविषयी मांडणी केली. कॉलेजातील मित्रमंडळापेक्षा कामाचे तास, पैसा, कुटुंबाची जबाबदारी आणि घरच्यांचे प्रोत्साहन यांचा परिणाम अधिक होतो, आणि हा भार पेलवेनासा झाला की चांगले गुण असूनही विद्यार्थी बाहेर पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्यात पाळीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत मला ते तंतोतंत पटते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात गटकार्य आणि इंटर्नशिप यांना मोठे स्थान असल्यामुळे ही अडचण तिथे अधिक तीव्र होते, आणि ती विद्यार्थ्याने एकट्याने सोसायची गोष्ट आहे असे मानणे मला अन्यायाचे वाटते.

त्या गृहस्थांनी मार्गदर्शक प्राध्यापकांना लेखी विनंती केली. स्वतःच्याच कारखान्यात, पण दुसऱ्या विभागात इंटर्नशिप करण्यास परवानगी मिळाली. गटाने बैठका रविवारी सकाळी ठेवल्या. संख्याशास्त्राची अडचण मात्र खरी होती आणि त्यासाठी शिकवणीच लावावी लागली.

तरीही थांबणे भाग पडलेच, तर परीक्षा बुडवून नुसते येणे बंद करू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या नोंदखात्यात साठवून पुढे वापरण्याची सोय झाली आहे. आपल्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे महाविद्यालयात आधी विचारावे आणि लेखी उत्तर घ्यावे.