भाच्याच्या शंटला (मेंदूतलं जादा पाणी शरीरात दुसरीकडे सोडणारी आतली नळी) रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूचं इन्फेक्शन झालंय. शंट न काढता नुसत्या इंजेक्शनांनी भागेल का?

नाही भागणार. शंट काढू द्या.

माझ्या लेकीच्या वेळी याच प्रश्नावरून आमच्या घरात रणकंदन झालं होतं. थोरले दीर अडून बसले होते, "पोरीचं डोकं परत उघडायचं नाही, औषध बदलून बघा." कुठलं औषध? मेंदूच्या पाण्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू निघालेला, आणि मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकसकट जवळपास सगळ्या औषधांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. उरलं होतं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक. ते शिरेतून दिलं तर मेंदूच्या पाण्यात फार थोडं उतरतं. त्यात हा जंतू नळीच्या आत चिकट थर करून बसतो. नळी आत ठेवून तो जायचा कसा?

शेवटी शंट निघाला, ईव्हीडी (मेंदूचं पाणी बाहेरच्या पिशवीत काढणारी तात्पुरती नळी) लागली आणि शिरेतल्या औषधांच्या जोडीला त्या नळीतून कोलिस्टिन थेट मेंदूच्या पोकळीत जायला लागलं. औषध घातलं की सिस्टर काही वेळ नळी बंद ठेवायच्या, नाहीतर ते पाण्याबरोबर पिशवीतच आलं असतं. ईव्हीडीचं पाणी ज्यात पडतं त्या डब्याची उंची कानाच्या भोकाच्या रेषेवरून लावलेली असते. पोर रडत उठून बसली की पाणी भसाभसा उतरायचं. म्हणून उचलायच्या आधी सिस्टरना बोलवून नळी बंद करून घ्यायची, हे मी पाहायला येणाऱ्या एकूण एक माणसाला बजावलं होतं. तुम्हीही बजावा. नळी आपल्या हाताने कुणी फिरवायची नाही.

नवा शंट बसवायची घाई करू नका. अशा जंतूंमध्ये कल्चर स्वच्छ आल्यावर साधारण 10 दिवस थांबतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे. अँटिबायोटिक लावलेल्या शंटबद्दल जरूर विचारा. ब्रिटन-आयर्लंडमधल्या 2019 च्या मोठ्या अभ्यासात साध्या शंटला 6 टक्के, तर या शंटला 2 टक्के इन्फेक्शन दिसलं. मात्र त्याचा जोर मुख्यतः स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) जंतूंवर चालतो, असिनेटोबॅक्टरवर नाही. शिवाय कोलिस्टिन किडनीला त्रास देतं, तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघत राहायला सांगा. तुमच्या भाच्याचा जंतू वेगळा असेल तर औषध आणि दिवस बदलतील, ते त्याचे डॉक्टरच ठरवतील.

दीर आजही चारचौघांत म्हणतात की डॉक्टरांनी पैशासाठी ऑपरेशनं वाढवली. कल्चरचा एकही रिपोर्ट त्यांनी उघडून पाहिलेला नाही. तुमच्याकडे असं कुणी असेल तर त्यांना सर्जनसमोर नेऊन बसवा, काय विचारायचं ते तिथे विचारू दे. आणि संमतीची सही आईबापांनी करायची असते, काका-मामांनी नाही.