कॉलनीच्या भिंतीपलीकडे ओपन एअर लाइव्ह म्युझिकचं गार्डन होतंय. आवाजाबद्दल आत्ताच काही करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की कॉलनीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर ‘फूड कोर्ट, लाइव्ह म्युझिक, इव्हेंट लॉन’ असा बोर्ड लागलाय, बांधकाम अजून सुरू नाही आणि रहिवाशांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो आत्ताच विरोध करा, दुसरा म्हणतो आधी सुरू तर होऊ द्या, त्रास झाला तर बघू. शेवटी फ्लॅट विकून टाकावा का, असंही विचारलंय.

मी इंदूरचाच, सुदामा नगरात राहतो. धंदा साउंडचा. मराठी नाटकांना आणि गणपतीत हौसेने लावतो, पोटासाठी मॅरेज गार्डनमध्ये लावतो. म्हणजे उद्या तुमच्या भिंतीपलीकडे मिक्सरवर जो माणूस उभा राहील, तो माझ्यासारखाच कुणीतरी असेल.

‘सुरू तर होऊ द्या’वाल्यांचं ऐकू नका. एकदा गार्डन सुरू झालं की तुमची प्रत्येक तक्रार त्या एका रात्रीपुरती उरते. दहानंतर पोलिसांना फोन करता, गाडी येते. गेटवर दिवा दिसला की मॅनेजर लांबूनच तळहात खाली करून दाखवतो आणि आम्ही फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, खाली ओढतो. गाडी वळली की नवरदेवाचा मामा येऊन उभा, “भिया, पैसे पूरे दिए हैं, आवाज कहाँ गई?” फेडर परत वर. यात कुणी फार मोठा खलनायक नाही, पण झोप तुमची जाते. खरी लढाई परवानगीचे कागद फिरत असतात तेव्हाच लढता येते, आणि ती आवाज ‘बंद करा’ म्हणून लढायची नाही. अटी लिहून घ्यायच्या.

कायद्यात तुमच्या बाजूने बरंच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रात्री उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि ढोल, बँड, कुठलंही वाद्यही चालत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सूट आहे ती बंदिस्त सभागृहाला. म्हणून काही ठिकाणी तीन बाजूंना पडदे आणि वर पत्रा टाकून त्याला ‘हॉल’ म्हणायची पद्धत आहे. नकाशात असा ‘हॉल’ दिसला तर तिथेच बोट ठेवा. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी १२ वाजेपर्यंत मुभा देऊ शकतं, पण कुणाच्या रिसेप्शनला सण म्हणता येत नाही. याशिवाय आपल्याकडे १९८५चा मध्य प्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम आहेच. आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००५चा जो निकाल सगळे पुढे करतात, तो देणाऱ्या खंडपीठावर सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी होते, आपल्या मध्य प्रदेशातल्याच गुना इथले. आवाज करणं हा मूलभूत हक्क नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय.

आता हिशोब बघा. लाउडस्पीकर वाजतो त्या जागेच्या हद्दीवर, सार्वजनिक जागा धरली तर, भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते चालतं. खासगी जागा धरली तर फक्त ५ जास्त. म्हणजे तुमचा भाग रहिवासी ठरला तर संध्याकाळी हद्दीवर ६० किंवा फार तर ६५. व्यापारी ठरला तर ७० किंवा थेट ७५. आणि डीजेचा आवाज? डान्स फ्लोअरवर, स्पीकरपासून ५ मीटरवर १०० डेसिबल ही आमच्याकडे साधी गोष्ट आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. १०० चा ७५ व्हायला सुमारे ९० मीटर लागतात, ६० व्हायला ५०० मीटर. तुमचा प्लॉट केवढा, ते तुम्हीच मोजा. हा हिशोब हिंदीत एका पानावर मांडून अर्जाला जोडा. भाषणांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, कारण असल्या प्लॉटवर डीजे वाजवून रहिवासी मर्यादेत राहणं शक्य नाही हे त्यातून आपोआप दिसतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे तुमचा भाग कोणत्या रकान्यात बसतो ते शोधणं. नगर तथा ग्राम निवेश कार्यालयात त्या जमिनीचा विकास योजनेतला भू-उपयोग बघा, आणि मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मिश्र भाग असेल तर त्याचा वर्ग सक्षम अधिकारी ठरवतो, म्हणजे तुमचं म्हणणं तिथे आधी पोचायला हवं. १०० मीटरच्या आत शाळा किंवा दवाखाना असेल तर तेही लिहा.

आता बेसबद्दल, कारण लोक इथेच फसतात. डेसिबल मोजायचं मीटर ‘ए’ पद्धतीने मोजतं, आणि त्या पद्धतीत ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे ३० डेसिबल कमी धरला जातो. म्हणून अधिकारी मीटर घेऊन उभा असतो, आकडा ५८ दिसतो, आणि तुमच्या शोकेसच्या सरकत्या काचा घर्र घर्र वाजत असतात. दोन्ही खरं असतं. भिंत, झाडं, हिरवी जाळी यांनी गाण्याचे शब्द अडतात, धप धप अडत नाही. स्टेजचं तोंड कॉलनीच्या उलट बाजूला केलं तर वरचे स्पीकर बरेच गप्प होतात, पण सब, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, चारी दिशांना जवळजवळ सारखेच वाजतात. आणि आपल्याकडे लग्नसराईच्या थंड, निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर गेलेला आवाज वाकून परत खाली येतो. देवउठनी ग्यारसनंतर, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर, दीड किलोमीटरवरची वरातही खिडकीखाली वाजते ती याचमुळे. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रींचं, एवढं कौतुक आपण करतो, ते आमच्या धंद्याच्याही कामी येतं!

मी तुमच्या जागी असतो तर या अटी मागितल्या असत्या. बाहेरच्या डीजेला स्वतःची सिस्टिम आणायची मनाई. गार्डनने बसवलेलीच वापरायची. ही एक अट बाकी सगळ्यांवर भारी आहे. कारण त्या सिस्टिमला लिमिटर लावून तो कुलपात ठेवता येतो, ठरल्यापेक्षा वर सिग्नल जातच नाही, मग मामा कितीही ओरडो. बाहेरचा डीजे आपला ट्रक घेऊन आला की लिमिटर नुसता शोभेला. दुसरं, दोन उंच मनोऱ्यांऐवजी टेबलांजवळ लहान स्पीकर बरेच. जेवणाऱ्यांनाही बोलता येतं, आणि मालकालाही ते पटतं, मी पटवलेलं आहे. सब लॉनवर नकोतच, अगदी हवे असतील तर एका बंदिस्त खोलीत. जनरेटरची जागा आणि पार्किंगचं गेट कॉलनीच्या बाजूला नको. रात्री साडेअकराला गाडी काढताना जो हॉर्न वाजतो त्याला लिमिटर नसतो. हद्दीवरचं मोजमाप ‘ए’बरोबर ‘सी’ पद्धतीनेही, म्हणजे बेस जवळजवळ पूर्ण धरून, व्हावं. हे कायद्यात सक्तीचं नाही, पण लेखी समजुतीत घालता येतं.

काम सुरू होण्याआधी आत्ताच्या शांततेची नोंदही करून ठेवा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कॉलनीच्या भिंतीवर संध्याकाळी आणि रात्री मोजून घ्या. मोबाइलमधलं अॅप पुरावा म्हणून टिकत नाही, तारीख-वेळेची वही ठेवायला ठीक आहे. निवेदन पार्षद (नगरसेवक), महापालिका, जिल्हा प्रशासन आणि प्रदूषण मंडळाचं इंदूरचं कार्यालय, सगळीकडे एकाच मजकुराचं द्या आणि पोच घ्या. मंगळवारच्या जनसुनवाईला पाच-सहा जण जा, त्यात दहावी-बारावीच्या पोरांच्या आया असू द्या. १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार केलीत तर बंद करण्यासाठी येणाऱ्या फोनला ‘संतुष्ट हूँ’ म्हणून मोकळे होऊ नका. २०२३च्या डिसेंबरात मुख्यमंत्री मोहन यादव यांनी शपथ घेतल्यावर पहिलाच आदेश लाउडस्पीकरच्या आवाजाचा काढला होता, त्याचा उल्लेख अर्जात जरूर करा. अधिकाऱ्यांना तो आठवतो.

एक अडचण मात्र येणार. समोरचा माणूस तुमच्याच गणपतीचा व्हिडिओ काढून दाखवेल, रात्री पावणेबारा, आरतीनंतरचा नाच. यंदा मंडळाने आधीच दहाला स्पीकर बंद केला तर त्याच्या हाती काही उरत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांकीची आणि रंगपंचमीच्या गेरची मिरवणूक हा वेगळा विषय, ते अख्ख्या शहराचं वर्षातून एकदाचं असतं. गार्डन सीझनभर रोज असतं.

मालकाला शत्रू समजून जाऊ नका, एवढं माझं मत. त्याचे पैसे अडकायच्या आधी गेलात तर तो स्टेज फिरवायला तयार होतो, कारण कागदावर स्टेज फिरवायला खर्च येत नाही. लॉन बांधून झाल्यावर हेच त्याला लाखांत पडतं, आणि मग तो वकील बघतो.

फ्लॅटचं म्हणाल तर आत्ता विकू नका. बोर्ड लागलेला असताना गिऱ्हाईक भाव पाडूनच मागणार. नकाशा आणि परवानगीच्या अटी हाती येऊ द्या, त्यात बाहेरच्या सिस्टिमला मनाई असेल तर राहा. ती अट नसेल आणि प्लॉट व्यापारी ठरला असेल, तर पहिला सीझन सुरू व्हायच्या आत विका.